आधी १७ की आधी ७५?

प्रश्न : बाई, शेततळ्याच्या अर्जासाठी मोबाइलवर आमच्या रानाचे अक्षांश-रेखांश काढले. अर्ज भरून देणाऱ्याने दोन्ही आकडे उलट्या रकान्यांत टाकले आणि नकाशात रान समुद्रात दिसू लागलं. सहावीतला मुलगा म्हणतो, आडव्या रेषा अक्षांशाच्या, उभ्या रेखांशाच्या. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. हे आकडे नेमकं काय सांगतात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं रान गेलं ते नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात! सोलापूर साधारण १७.६८ उत्तर, ७५.९१ पूर्व. अदलाबदल झाली की ध्रुव जेमतेम १४ अंशांवर राहतो. महाराष्ट्रात कुठेही अक्षांश १५ ते २२ च्या घरात आणि रेखांश ७२ ते ८० च्या घरात असतो. अर्जावर सही करण्याआधी एवढं पडताळून घेत जा.

मुलगा बरोबरच सांगतो. पण भूगोल शिकवताना मी वर्षानुवर्षं पाहिलं, मुलं ‘आडवी-उभी’ पाठ करतात आणि तिथेच थांबतात. म्हणून मी त्यांना आकाश दाखवायची.

अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून आपण किती वर किंवा खाली आहोत ते. रात्री रानात उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा. हात ताठ पुढे करून मूठ क्षितिजावर टेकवा, तिच्यावर दुसरी मूठ ठेवा. एक मूठ साधारण १० अंशांची. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेच्या थोडा खाली ध्रुवतारा सापडेल. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकतो, ध्रुवावर डोक्यावर येतो. आपल्याकडे साडेसतरा अंशांच्या आसपास. त्याची उंची हाच तुमचा अक्षांश.

रेखांश म्हणजे शून्य रेखांशापासून आपण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत ते. तो असा ताऱ्यावरून एका नजरेत कळत नाही, त्याला घड्याळ लागतं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेली. आपण तिथून साडेसहा अंश पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार सरासरी २६ मिनिटं उशिरा होते. अंगणात काठी सरळ रोवा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली बाराला नाही, साडेबाराच्या आसपास पडेल. नोव्हेंबरात थोडी आधी, फेब्रुवारीत थोडी नंतर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर ती काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. मुलाला तो दिवस चुकवू देऊ नका.

अक्षांशाचं शून्य निसर्गानं दिलंय. रेखांशाचं माणसांनी ठरवलं : १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचची निवड झाली.

आपल्याकडे चादरीच्या ताण्याबाण्याचा दाखला देतात. तो अर्धाच बरोबर आहे. ताण्याचे धागे कधी भेटत नाहीत. रेखावृत्तं मात्र मोसंबीच्या फोडींच्या कडांसारखी दोन्ही ध्रुवांवर एकत्र येतात. म्हणून अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, तर सोलापुरात रेखांशाचा १०६ च.

दुरुस्तीचा अर्ज देताना आणखी एक जपा. १७ अंश ४१ मिनिटं म्हणजे १७.४१ नव्हे, १७.६८; ही मिनिटं घड्याळाची नव्हेत, एका अंशाचे साठ भाग. ही गल्लत झाली तर रान ३० किलोमीटर दक्षिणेला सरकतं. दशांशचिन्हानंतर पाच आकडे लिहा. दोनच लिहिले तर जागा अर्धा किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकते. आणि आकडे घरी बसून काढू नका, तळं खणायचंय तिथे मधोमध उभं राहून काढा.