पोपटाचा पिंजरा घरी करताना

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांपासून एक सन कोन्युर (पिवळ्या-केशरी रंगाचा परदेशी पोपट) आहे. त्याचा दुकानातून आणलेला पिंजरा आता फारच अपुरा वाटतो, म्हणून घरापुढच्या सोप्यात 6 फूट उंच, 3 फूट लांब आणि 3 फूट रुंद असा पिंजरा घरीच करावा असे ठरवले आहे. चौकटीसाठी सागवानी रिपा घरात पडून आहेत आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी म्हापशाच्या बाजारातून आणली आहे. आमचे घर समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. आणखी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, मांद्रे (पेडणे)

उत्तर : आपण आणलेली जाळी तेवढी परत करावी, ही पहिली विनंती. ती षट्कोनी तार इतकी बारीक असते की कोन्युरची चोच तिचे पीळ उलगडू शकते. पण खरी अडचण तिच्यावरच्या जस्ताच्या मुलाम्याची आहे. पोपट चोचीनेच चढतो, चोचीनेच चाचपतो आणि रिकामा वेळ मिळाला की तारही कुरतडतो, त्यामुळे मुलाम्याचे कण त्याच्या पोटात जाऊन जस्ताची विषबाधा होऊ शकते. खाऱ्या, दमट हवेत हा मुलामा लवकर खराब होतो. माझ्या पहिल्या पिंजऱ्याच्या जाळीवरून दुसऱ्या पावसाळ्यात बोट फिरवले, तेव्हा खडूसारखी पांढरी भुकटी बोटाला लागली. ती भुकटी म्हणजे जस्ताचा गंज. नवी जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन वापरण्याची पद्धत आहे आणि तिने सुटे कण पुष्कळसे निघतात, परंतु मुलामा मागे राहतोच. म्हणून स्टेनलेस स्टीलची वेल्ड केलेली जाळी घ्यावी आणि समुद्र इतका जवळ असताना परवडत असेल तर नेहमीच्या 304 प्रतीऐवजी खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या 316 प्रतीची घ्यावी. खर्च कितीतरी पट वाढेल हे मान्य आहे. तो जड वाटला तर पिंजरा थोडा लहान करावा, जाळीत काटकसर करू नये. जाळीचे घर 1 इंच बाय अर्धा इंच असले की कोन्युरचे डोके त्यात अडकत नाही.

मापांबाबत एवढेच सांगतो की उंचीपेक्षा लांबी जास्त ठेवावी. पक्षी आडवा उडतो. उंच पण अरुंद पिंजऱ्यात तो वरच्या दांडीवर बसून राहतो आणि खालची जागा वाया जाते. 6 फूट लांबी, 3 फूट रुंदी आणि 4 फूट उंची असेल तर त्याला निदान चार वेळा पंख मारता येतील. जाळीचे भेंडोळे बहुधा 3 किंवा 4 फूट रुंदीचे मिळते, त्यामुळे ही मापे धरल्यास कापाकापीही कमी होते. कापलेल्या तारांची टोके कानशीने घासून बाहेरच्या बाजूला वळवावीत.

सागवानी रिपा वापरायला हरकत नाही, फक्त जाळी चौकटीच्या आतल्या अंगाने ठोकावी, म्हणजे लाकूड चोचीला लागणार नाही. रिपांवर जुना तैलरंग असेल तर त्यात शिसे असू शकते. तो रंग पक्ष्यापासून दूर, नाक-तोंड झाकून काढावा, नाहीतर ती रीप सरळ बाजूला ठेवावी. दारापुढे माणूस उभा राहील एवढी छोटी देवडी करून तिलाही दार लावावे, म्हणजे आपण दाणा घालायला आत शिरताना पक्षी निसटणार नाही. साध्या कडीवर विसंबू नये, कारण कोन्युर ती एका दुपारात उघडायला शिकतो. छोटे कुलूप बरे.

बसण्यासाठी पेरूच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावाव्यात, कारण एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यावर बसून पायांना फोड येतात. कण्हेर विषारी आहे आणि काजूचा चीक भाजतो, तेव्हा ती दोन्ही झाडे टाळावीत. सोपा पश्चिमेकडे उघडत असेल तर पावसाची तिरपी झड थेट पिंजऱ्यात येईल, म्हणून त्या बाजूला तट्टी बांधावी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी मात्र पिंजरा ठेवू नये, कारण नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. मुंग्यांसाठी जुन्या फडताळाचीच युक्ती चालते : चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या.

जुना पिंजरा मोडीत काढू नका. उंदीर, साप आणि मांजर हे रात्रीचे पाहुणे असतात, तेव्हा पक्ष्याला रात्री त्यात घालून घरात घ्यावे. नरकचतुर्दशीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्रीचा गोंगाट आणि पशुवैद्याकडची फेरी यांसाठीही तो लागेलच. एक कागदोपत्री गोष्ट राहिली : सन कोन्युर 'साइटिस'च्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतला पक्षी असल्यामुळे 2024 च्या नियमांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. केली नसेल तर पिंजऱ्याआधी ती करावी.

प्रश्न : आमच्या माडाच्या ढोलीतून पडलेले कीराचे (रानपोपटाचे) पिल्लू आम्ही वाढवले आहे. त्याच्यासाठी असाच पिंजरा कराल का?
— एक वाचक, सांगे

उत्तर : नाही. आपला रानातला कीर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, पिंजरा कितीही ऐसपैस असला तरी तो घरी पाळता येत नाही. आपण त्याला जगवले हे खरेच, पण आता त्याला जवळच्या वन खात्याच्या कार्यालयात द्यावे. स्वतःच सोडून देण्याची घाई करू नये. हातावर वाढलेल्या पिल्लाला दाणा शोधता येत नाही आणि मांजर ओळखता येत नाही.