कलाकाराने बदल स्वीकारायचा आणि स्वतःवर प्रेमही करायचं, म्हणजे रोज उठून नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सहा वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं आणि लग्नपत्रिका करून घर चालवत होतात. आता गिऱ्हाईक एआयवरून चित्र काढून आणतं आणि म्हणतं, ‘फक्त बोटं तेवढी नीट करून द्या.’ घरचे, मैत्रिणी, मोबाईलवरची रील, सगळे एकच सांगतात: बदल स्वीकार, स्वतःवर प्रेम कर. आणि सोमवारी सकाळी उठून यातलं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

मी चित्रकार नाही, पेंटर आहे. कोल्हापुरात या दोन शब्दांत तसं फार अंतर नाही. ज्यांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, ते बाबूराव मेस्त्री शेवटपर्यंत ‘बाबूराव पेंटर’च राहिले. पण माझं पेंटरपण साधं. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, निवडणुकीत पक्षांची चिन्हं, मधल्या दिवसांत नंबरप्लेट. इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा झाली तेवढंच कागदावरचं शिक्षण. बाकी सगळं १९८७ ते १९९३ एका पेंटरच्या हाताखाली.

या धंद्यात कौतुकाचा एकच शब्द होता: ‘छापल्यासारखं.’ बोर्ड टांगला, मालक रस्ता ओलांडून पलीकडे गेला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, ‘छापल्यासारखं आलंय की ओ!’, तर त्या दिवशी मी घरी मटण घेऊन जायचो. या शब्दासाठी काय काय केलं ते सांगतो. रेडऑक्साईड मारलेल्या पत्र्यावर पांढऱ्याचे दोन हात. वाळला की खडू लावलेली दोरी ताणून शिरोरेषेची आणि तळाची रेघ. मग खारीच्या केसांचा ब्रश रंगात बुडवून फरशीच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी दाबत न्यायचा, जोपर्यंत त्याला सुरीसारखी धार येत नाही. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट. आणि काना ओढताना श्वास आत धरायचा. वर टेकवला की थेट खाली, मध्ये थांबायचं नाही. थांबलात की तिथं गाठ दिसते. श्वास सोडायचा तो तळाच्या रेघेवर. मी सहा वर्षं हे शिकलो. आमचे पेंटर म्हणायचे, ‘ब्रश फिरलेला दिसला तर ते काम नव्हे.’ म्हणजे माणूस दिसता कामा नये.

आता यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेल. ‘छापल्यासारखं’ लिहिण्यात मी आयुष्य घातलं आणि मग खरोखर छापणारं मशीनच आलं.

माझ्याकडे त्याचा चटका २००५ च्या आसपास बसला. एका कापड दुकानाचा बोर्ड माझ्याकडून दर दोन वर्षांनी रंगवून घ्यायचे. त्या वर्षी हाक आली नाही. एक दिवस त्या रस्त्यानं गेलो तर माझ्या पत्र्यावर फ्लेक्स ताणून बसवलेला. साड्यांचे फोटो, गुलाबाची फुलं, सोनेरी अक्षरं, सगळं. मला तीन दिवस लागायचे ते काम तासाभरात. मी तिथं उभा राहून आधी काय केलं असेल? अक्षरं तपासली. ‘ल’ दांडीचा होता, हिंदीतला. ‘श’ही गाठीचा. मला केवढा आनंद झाला! वाटलं, हे लोकांना खटकणार. कुणालाही खटकलं नाही. पुढं २००९ साली सरकारनं वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हाच मराठीचा असं सांगितलं, तेव्हा मी ती बातमी कापून ठेवली होती. त्यानं काम काही आलं नाही. २०२२ साली सगळ्या दुकानांना देवनागरी पाट्या सक्तीच्या झाल्या, तेव्हाही ओळखीचे म्हणाले, ‘चला, तुमची चांदी झाली.’ चांदी ॲक्रिलिकवाल्यांची झाली.

तर स्वतःवरचं प्रेम. २००८ च्या होळीला मी माझे सगळे कागदी नमुने बाहेर काढले. पंधरा वर्षांत लिहिलेली नावं, जाड-बारीक अक्षरांचे संच, पैलवान, गणपती, बैलजोडी, एका सोड्याच्या बाटलीवर तर मी आठवडा घातला होता. गठ्ठे बांधले आणि गल्लीतल्या होळीत टाकले. आमच्याकडे चित्रकार आबालाल रहिमानांची गोष्ट सांगतात. १९२२ साली शाहू महाराज गेले, त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थ तलावात टाकून दिली म्हणे. मला त्या रात्री आपण तसंच काहीतरी भारी करतोय असं वाटत होतं. बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, ‘त्या कागदांनी काय तुमचं घोडं मारलंय?’ आणि पुढं होऊन तिनं एक गठ्ठा ओढून घेतला. तिच्या हाताला चटका बसला, त्याची खूण अजून आहे.

तिचं बरोबर होतं. आबालालांना राजा गेल्याचं दुःख होतं. मला दुःख नव्हतं, राग होता, आणि तोही फ्लेक्सवाल्यावर नाही, स्वतःवर. मशीनकडून हरलो म्हणून राग. शर्यत मशीनची नव्हतीच हो, मीच स्वतःला त्या शर्यतीत उभं केलं होतं, फ्लेक्स यायच्याही अठरा वर्षं आधी. पण हे कळायला अजून नऊ वर्षं जायची होती.

मधली वर्षं थोडक्यात उरकतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. दुकान सोडलं. एका फ्लेक्सच्या दुकानात नोकरी धरली, कोरलड्रॉ शिकलो. ज्या मुलानं शिकवलं तो माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचा. मला ‘काका’ म्हणायचा आणि माझ्या हातातला माऊस धरून हलवायचा. अपमान वाटायचा, पण खोटं कशाला बोलू, पगार वेळेवर यायचा आणि उन्हात शिडीवर चढायचं नव्हतं. लोक म्हणाले, ‘बदल स्वीकारलात, छान.’ मी काहीही स्वीकारलं नव्हतं. हप्ता होता, म्हणून गेलो. तुम्हीही आज बोटं नीट करून देत असाल तर त्याला मोठं नाव देऊ नका आणि त्याची लाजही बाळगू नका. भाडं भरण्यासाठी केलेलं काम आहे ते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, सगळ्याच गेलेल्या गोष्टींचं सुतक धरायची गरज नसते. नंबरप्लेट रंगवणं आधी रेडियमनं खाल्लं, मग एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच सरकारी नमुन्याची प्लेट आली, विषय संपला. मला काडीचं वाईट वाटलं नाही. ते मी कधी प्रेमानं केलंच नव्हतं. तुमच्याही कामात असा भाग असणार. तो एआयला खुशाल जाऊ दे. कुठला भाग गेल्यावर पोटात कालवाकालव होते तेवढं बघा.

२०१७ साली एक मुलगी आली. पंचवीस-सव्वीसची, चहाचं दुकान काढणार होती, भिंतीवर हातानं नाव लिहून पाहिजे होतं. मी नोकरीतून रविवारी जाऊन लिहून दिलं. रस्ता ओलांडून बघितलं. छापल्यासारखं. इतक्या वर्षांनीसुद्धा! माझी छाती फुगली. ती म्हणाली, ‘काका, हे फ्लेक्ससारखं दिसतंय. मला हातानं लिहिलेलं पाहिजे होतं.’

मी म्हटलं, हातानंच लिहिलंय. ती म्हणाली, ‘दिसत नाही ना पण.’

पुढच्या रविवारी परत. मुद्दाम अक्षरं वाकडी केली. तिला तेही आवडलं नाही, आणि तिचं खरं होतं. मुद्दाम केलेलं वाकडं हे मुद्दाम केलेल्या सरळपेक्षा वाईट दिसतं, जत्रेतल्या जोकरासारखं. मी चिडलो. सामान गोळा करून निघालो होतो. तिनं चहा पुढं केला आणि विचारलं, ‘तुम्ही दुधाची यादी कशी लिहिता?’ मला आधी कळेना. मग तिनं भिंतीचा कोपरा दाखवला आणि म्हणाली, इथं काहीही लिहा, कुणी बघणार नाही. मी काठी बाजूला ठेवली, दोरी मारली नाही, ब्रशला धारही काढली नाही, आणि लिहिलं: ‘दूध २ लिटर, आलं, साखर’. श्वास धरायचा विसरलो.

भिंत खरबरीत होती. ‘ध’च्या पोटात ब्रश कोरडा पडून रेघेला केस फुटले होते. ‘साखर’मधल्या ‘र’ची शेपटी लांब गेली होती, माझे वडील वहीत काढायचे तशी. मी ते अक्षर तीस वर्षांत पत्र्यावर कधी येऊ दिलं नव्हतं. आमच्या पेंटरनी पहिल्या वर्षीच ते मोडून काढलं होतं. बरोबरच होतं म्हणा, त्या वेळी धंद्याला तेच पाहिजे होतं. ती मुलगी म्हणाली, ‘हे. हेच पाहिजे.’

तुम्ही विचारलंत ना, स्वतःवर प्रेम म्हणजे काय? मला त्या दिवशी जे कळलं ते एवढंच की, तोवर मला माझ्या सफाईवर प्रेम होतं, माझ्यावर नव्हतं. म्हणून सफाईत मशीन वरचढ ठरलं तेव्हा माझ्याकडे काहीच शिल्लक राहिलं नाही. माझा हात तर मी स्वतःच लपवून ठेवला होता. आरशापुढं उभं राहून ‘तू छान आहेस’ म्हणायचं वगैरे जे सांगतात, ते मी करून बघितलेलं नाही. कुणाला उपयोग होत असेल तर होवो. माझ्या ‘र’ची शेपटी मी कापणं थांबवलं, हे मात्र केलं.

आणि हे एका दिवसात जमलं असं समजू नका. हात सुटा सोडणं हे हात आवळण्यापेक्षा अवघड आहे. अजूनही मोठा बोर्ड असला की श्वास आपोआप धरला जातो. शिवाय जुनी सहा वर्षं फुकट गेली असंही नाही. शिरोरेषा कुठं आहे हे डोळ्याला पक्कं माहीत असेल, तरच ती मोडलेली बरी दिसते. मी नवशिक्यांना आधी दोरी मारायलाच लावतो.

तुमच्यासाठी एक सुचवतो, पटलं तर बघा. तुमची गिऱ्हाइकांसाठी केलेली चित्रं काही दिवस बाजूला ठेवा. फोनवर बोलताना कागदाच्या कडेला जे गिरगटता, भावाला पत्ता समजावताना जो नकाशा काढता, ते गोळा करा. महिनाभर फेकू नका. त्यात कुठं तरी तुमच्या ‘र’ची शेपटी असेल. ती विकली जाईलच असं मी म्हणत नाही. माझीही काही फार विकली जात नाही. महिन्याला चार-पाच कामं येतात, चहाची दुकानं, खानावळी, एखादं पुस्तकांचं दुकान. नोकरी अर्धा दिवस अजून आहेच. आणि बायकोनं वाचवलेला तो एकच गठ्ठा, त्यातली अक्षरं बघायला मुलं घरी येतात, तेव्हा उरलेल्यांची फार आठवण येते. तुमचं जुनं काम आवडेनासं झालं तरी डिलीट करू नका. तेवढं माझं ऐका.

गेल्या दोन वर्षांत नवीन भानगड म्हणजे हात थोडा कापतो. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, घाबरायचं कारण नाही. जवळचा चष्मा तर कधीच लागला. पूर्वीचा मी असतो तर कापऱ्या हातानं घरी बसलो असतो. आता काना ओढताना मध्ये थांबतो. तिथं गाठ येते. येऊ दे.

परवा त्या कापड दुकानातून फोन आला. होय, तेच. दुकान आता मुलगा बघतो. जुना फ्लेक्स उन्हानं फाटला होता, बदलायला काढला तर खाली माझाच पत्रा निघाला. त्याला नवल वाटलं, म्हणून बोलावलं. मी शिडीवर चढून बघितलं. खिळ्यांची भोकं, खाली गंज, ‘सा’चा अर्धा काना उडालेला. पण बाकीची अक्षरं कडक होती, फ्लेक्सखाली ऊन लागलं नव्हतं ना. खरंच छापल्यासारखी! मला त्या पोराचं कौतुक वाटलं, ज्यानं श्वास धरून ती ओढली होती. मालक म्हणाला, सगळं नव्यानं करा. मी म्हटलं, नको. उडालेलं तेवढं भरतो.

भरलं. नव्या रंगाचा काना जरा जाड झाला आणि मध्ये थरथरला, जवळून कळतं. कोपऱ्यात जुनी सही होती, तिच्याखाली आत्ताची केली. मालकानं विचारलं, ‘दोन सह्या कशाला?’ म्हटलं, दोघांनी केलंय.

त्यानं पैसे मात्र एकाचेच दिले.