फी थकलीये, आता शाळेशी बोलायचं कसं?

प्रश्न : ताई, मोठी मुलगी प्रायव्हेट इंग्लिश मीडियमला सहावीत आहे, धाकटा पुढच्या वर्षी पहिलीला जाईल. मिस्टरांची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली, फीचे दोन हप्ते थकलेत. परवा फी बाकी असलेल्यांना वर्गात उभं केलं, त्यात ही पण, घरी येऊन जेवलीच नाही. धाकट्यासाठी आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत प्रवेशाचा) विचार होता पण पगार वर्षाला लाखाच्या वर म्हणून सोडून दिला (आम्ही ओबीसी). पतपेढीचं कर्ज काढू का? – एक आई, पुणे जिल्हा

उत्तर : आधी मुलीचं बोलू. फीसाठी पोरांना वर्गात उभं करणं हा मानसिक त्रास आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार त्याला बंदी आहे. हे मुख्याध्यापकांना लेखी द्या, भांडू नका, पण फीबद्दल जे काय असेल ते आम्हाला फोन करून सांगा, मुलीला नको, एवढं स्पष्ट लिहा.

कर्ज आत्ता नको. घरात पगार नाही, त्यात व्याज, आणि तोवर पुढचा हप्ता येतोच.

पहिली मदत शाळेकडेच मागायची. मी एका मैत्रिणीबरोबर गेले होते, खिडकीवरच्या क्लार्कने तीनदा सांगितलं की अशी काही स्कीम नाही, आणि संस्थेच्या सेक्रेटरींनी दहा मिनिटांत हप्ते पाडून दिले! क्लार्कच्या हातात काही नसतं हो, म्हणून अर्ज मुख्याध्यापक आणि संस्था दोघांच्या नावाने करा, दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची सॅलरी स्लिप जोडा आणि आकडा लिहाच. नुसतं 'सवलत मिळावी' लिहिलं की कागद फाइलीत जातो, पण 'दर महिन्याच्या १० तारखेला अमुक रुपये भरू, बाकीच्यात सवलत द्या' म्हटलं की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. गरीब विद्यार्थी निधी आहे का तेही विचारा, असला तरी कोणी बोर्ड लावत नाही. बोनाफाइड आणि लेटरहेडवर फीचा तपशील तेव्हाच मागून घ्या, कारण बाहेरचे ट्रस्ट बहुतेक वेळा चेक शाळेच्याच नावाने देतात आणि त्यांना हे कागद लागतात.

शाळा ऐकतच नसेल तर अनुदानित शाळेचा विचार करा, त्यात कमीपणा अजिबात नाही. शाळा सोडल्याचा दाखला लगेच देणं मुख्याध्यापकांवर कायद्याने बंधनकारक आहे (थकलेली फी मात्र माफ होत नाही). आणि एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते, पास होऊन मेरिटमध्ये आली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, पण ती सरकारी, अनुदानित आणि पालिका-झेडपीच्या शाळांतल्या मुलांनाच देता येते. विनाअनुदानितमध्ये राहिली तर तो रस्ता बंद.

आता धाकटा. ताई, लाखाची अट ओपनमधल्या दुर्बल घटकासाठी आहे, ओबीसी वंचित गटात येतात, तुम्हाला जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा नाही! हे माहीत नसल्यामुळे किती जण फॉर्मच भरत नाहीत, फार वाईट वाटतं. विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा असतात (अल्पसंख्याक शाळा सोडून), लॉटरीत नंबर लागला तर आठवीपर्यंत फी नाही. २०२४ मध्ये जवळ सरकारी शाळा असेल तर प्रायव्हेटला सूट असा नियम आणला होता, तो हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला, त्यामुळे जुन्या बातम्या वाचून थांबू नका.

फॉर्ममध्ये नकाशावर घराचं लोकेशन टाकताना घाई करू नका, अंतर त्यावरच मोजतात आणि पडताळणीत पत्ता जुळला नाही तर लागलेला नंबर जातो. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार रजिस्टर्डच लागतो, नोटरीचा चालत नाही, आणि तो फॉर्म भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा, म्हणून घरमालकांशी याच आठवड्यात बोला.