सोलापुरात दोन गोल्डफिश ठेवायचे तर टाकी केवढी हवी आणि पाणी किती अंशांचं?

दुकानदाराने काचेचा गोल बाऊल आणि सोबत हीटर घ्यायला सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही घेऊ नका. दोन फॅन्सी गोल्डफिशना किमान ११५-१२० लिटर पाणी लागतं आणि त्या पाण्याचं तापमान २० ते २३ अंश असलेलं उत्तम. यातला दुसरा आकडा सोलापुरात मार्चपासून जूनपर्यंत पाळणं अवघडच असतं, म्हणून पहिल्या आकड्यात हात आखडता घेऊ नका. आपल्याकडे टाकीचा आकार आणि पाण्याचं तापमान हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच.

आधी मासा कोणता ते बघा. ओरांडा, ब्लॅक मूर, र्‍युकिन हे गोल पोटाचे आणि दुहेरी शेपटीचे म्हणजे फॅन्सी. हे मोठे होऊन १५-२० सेंटिमीटर होतात. पहिल्या माशाला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर असा हिशोब धरतात. लांबट अंगाचे, एका शेपटीचे कॉमेट मात्र फूटभर वाढू शकतात, त्यांना पाणीही आणखी गार आवडतं. ते हौदात शोभतात, हॉलमधल्या टाकीत नाही. दुकानात दोघंही बोटाएवढेच दिसतात आणि स्वस्त म्हणून कॉमेटच गळ्यात मारले जातात.

टाकी ‘तीन बाय दीड बाय दीड’ मागा. एका घनफुटात २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे हिशोबाने १९० लिटर. वरची रिकामी जागा आणि खालची वाळू वजा जाता दीडशेच्या पुढे पाणी उरतं. नेहमी दाखवतात ती दोन बाय एक बाय एक फक्त ५६ लिटरची असते, ती एका माशालाही अपुरी. उंच टाकीपेक्षा लांब-पसरट बरी, कारण प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. बाऊलचं तोंड अरुंद, तिथेच तो मार खातो. आणि हो, भरलेल्या टाकीचं वजन २०० किलोच्या आसपास जातं, तेव्हा टीव्हीच्या शोकेसवर ठेवायचा विचार असेल तर सोडा. लोखंडी स्टँड करून घ्या आणि काचेखाली थर्माकोलची शीट टाका.

एवढं पाणी कशाला, असं घरातले विचारतीलच. गोल्डफिशला खरं जठर नसतं. खाल्लेलं पटकन पुढे सरकतं, त्यामुळे तो सतत खातो आणि सतत घाण करतो. कल्ल्यांतून अमोनियाही सोडत असतो. पाणी जितकं गरम, तितका त्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. त्याच वेळी प्राणवायू घटतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. वर गरम पाण्यात माशाला प्राणवायू लागतो जास्त. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना बाऊलमधलं पाणी दुपारपर्यंत खोलीएवढं तापतं. मोठी टाकी सावकाश तापते, आणि तोवर संध्याकाळ होते.

माझी टाकी जुळे सोलापुरात तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला आहे. माळवदाचं, म्हणजे जाड मातीच्या छताचं घर असेल तर तुम्ही नशीबवान. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीलगत टाकी ठेवू नका. झाकण काढून जाळी लावा आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा ठेवा. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. पावसाळी दमट हवेत ही युक्ती तेवढी चालत नाही, पण तेव्हा तेवढी गरजही नसते. बर्फ थेट टाकू नका. फ्रीजरमध्ये गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवली तर चालते, फक्त तापमान झपकन दोन अंशांहून जास्त उतरू देऊ नका. २८ पर्यंत एअर पंप जोरात चालू असेल तर निभावतं. तिशीच्या वर खाणं अर्ध्यावर आणा. मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले तर खाणं बंदच. लाइट जाते त्या दिवसांसाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. डासांचा स्प्रे त्या खोलीत मारू नका, त्यातलं औषध माशांना फार लवकर मारतं.

हिवाळ्यात हीटर? सोलापूरच्या थंडीत घरातलं पाणी १०-१२ अंशांवर उतरत नाही. आपली थंडी गोल्डफिशला मानवतेच.

नळाला रोज पाणी येत नाही, याचा इथे फायदाच होतो. ड्रममध्ये एक-दोन दिवस उघडं राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन टाका. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी कधीच घालू नका. पहाटे बदला, तेही थर्मामीटरने दोन्ही पाणी मोजून. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश बदललं की पुरे. काढलेलं पाणी जास्वंदीला घाला, झाड खूश होतं. बोअरचं जड पाणीही या माशांना चालतं.

मासे एप्रिल-मेमध्ये आणू नका. टाकी श्रावणाच्या सुमारास लावा. नव्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर एकच मासा ठेवा आणि खाणं चिमूटभर. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवाल तर ते जिवाणूच वाहून जातील, तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

दुकानदार ‘काच साफ करतो’ म्हणून सकर मासा देईल. तोही घेऊ नका: तो मोठा झाला की गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटतो आणि जखमा करतो. मोली, एंजल यांना गरम पाणी लागतं, त्यांचा संसार वेगळाच मांडावा. आणि पुढेमागे मासे झेपले नाहीत तर सिद्धेश्वर किंवा कंबर तलावात सोडू नका. कुणाच्या शेतात झाकलेला सिमेंटचा हौद असेल, तिथे विचारून द्या.