आरोग्यसेविकांचे मोबाइलवरून मूल्यमापन: प्रश्नपेढी कशी बांधावी?

गडचिरोलीतील उपकेंद्रांवरच्या आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासाठी मोबाइलवर मूल्यमापनाचे साधन करताना प्रश्नपेढी कशी बांधावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याआधी निकालाचे काय करणार हे ठरवावे. पुढच्या प्रशिक्षणाचा विषय निवडण्यासाठीच गुण वापरायचे असतील तर तसे लेखी कळवावे. तेच गुण तालुक्याच्या आढावा बैठकीत क्रमवार वाचले जाणार असतील, तर उत्तरे व्हॉट्सॲपवर फिरू लागतील आणि त्याबद्दल कोणाला बोल लावता येणार नाही.

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्य तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करायचे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि रोजच्या कामात करणे. मोबाइलची पोच मुख्यतः पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत आहे, परंतु बहुतेक साधने पहिलीवरच अडतात. न्यूमोनियाचेच पाहा. दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वास, म्हणजेच न्यूमोनियाचे लक्षण, हे पाठ असते. त्याऐवजी सात महिन्यांच्या बाळाच्या उघड्या छातीचे पूर्ण एक मिनिटाचे चित्रण दाखवावे आणि मोजलेला आकडा लिहायला सांगावा. नमुना ५८ किंवा ३८ श्वासांचा घ्यावा, ४९ चा नको. सीमेवर एका श्वासाच्या चुकीने निदान बदलते आणि परीक्षा अन्यायाची होते. एका चित्रणात बाळ मध्येच रडू द्यावे, कारण तिथे बाळाला शांत करून पुन्हा मोजणे हेच योग्य उत्तर आहे.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार वगळून चालणार नाही. त्याची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तरी वाहक आणि रुग्ण यांतला फरक तिच्यावरून कळत नाही, म्हणून ‘पुढे काय कराल?’ असा प्रश्न ठेवावा. चुकीचे पर्याय मात्र कार्यालयात बसून रचू नयेत. सेविकांना हाच प्रश्न तोंडी विचारावा आणि त्यांच्या चुकलेल्या उत्तरांतून ते घ्यावेत. प्रश्न वापरण्याआधी थोड्या सेविकांवर करून पाहताना अनुभवी सेविका चुकतात आणि नवख्यांचे उत्तर बरोबर येते, असा प्रश्न आढळल्यास दोष बहुधा प्रश्नातच असतो.

भामरागड, एटापल्ली या तालुक्यांकडे नेटवर्कचा भरवसा धरू नये. चित्रणे प्राथमिक आरोग्य केंद्रातील मासिक बैठकीच्या दिवशीच फोनमध्ये उतरवून द्यावीत, उत्तरे फोनमध्येच साठावीत आणि जोडणी मिळाल्यावर आपोआप पुढे जावीत.

नवजात बाळाला बॅग आणि मास्कने श्वास देणे यासारखे कौशल्य पडद्यावर तपासण्याचा खटाटोप करू नका. त्यासाठी सरावाचा बाळाचा पुतळा आणि शेजारी उभी अनुभवी परीक्षक हवी; मास्क नीट बसला का, छाती वर आली का, याच्या खुणा तिने मोबाइलवर कराव्यात, एवढेच काम ॲपला द्यावे.