कायदेशीर सल्ला : उचल देऊन आणलेली मुलगी

प्रश्न : कोथरूडला आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने वर्षभरापूर्वी दलालामार्फत झारखंडहून घरकामासाठी एक मुलगी आणली आहे. तिचा मोबाईल मालकीणबाईंकडे असतो, पगार हातात मिळत नाही आणि एकटीला खाली उतरू दिले जात नाही. वय ती कधी सतरा सांगते, कधी एकोणीस. ‘वडिलांनी वीस हजारांची उचल घेतली आहे, मुलगी स्वखुशीने आली आहे,’ असे मालकांचे म्हणणे. यात गुन्हा होतो का? तक्रार केल्यास मुलगीच अडकणार नाही ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मालक ज्या दोन गोष्टी बचाव म्हणून सांगत आहेत, त्या बचाव ठरत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 नुसार शोषणासाठी एखाद्याला फसवून, धाक दाखवून किंवा त्याच्यावर ताबा असणाऱ्या व्यक्तीची संमती पैसे देऊन मिळवून आणणे, ठेवून घेणे किंवा स्वीकारणे ही मानवी तस्करी आहे, आणि तिथे पीडित व्यक्तीची संमती गैरलागू आहे, असे कायदाच सांगतो. वडिलांना दिलेली उचल म्हणजे नेमका हाच व्यवहार असू शकतो. किमान शिक्षा सात वर्षे आहे. मुलगी अठरा वर्षांखालील निघाली तर दहा वर्षे ते जन्मठेप.

उचल फेडण्यासाठी अडकवून ठेवणे ही 1976 च्या कायद्याने रद्द केलेली वेठबिगारीही आहे. ते कर्ज कायद्यानेच संपते. मुलगी किंवा तिचे वडील एक रुपयाही देणे लागत नाहीत. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 मधील सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच म्हटले आहे. सुशिक्षित घरांत याला ‘मुलीला आधार दिला’ म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तक्रार 112 वर किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. वयाची शंका असल्याने 1098 या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवावे, कारण अल्पवयीन असल्यास तिला चोवीस तासांत बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. ती या प्रकरणात आरोपी नसून पीडित आहे, आणि उत्पन्न कितीही असले तरी तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो (प्राधिकरणाची हेल्पलाइन : 15100). वेठबिगारीतून मुक्ततेचे प्रमाणपत्र मात्र आग्रहाने मागावे, कारण केंद्राच्या पुनर्वसन योजनेतील मदत त्यावर अवलंबून असते. त्यातील तीस हजार रुपयांपर्यंतच्या तातडीच्या साहाय्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : माझ्या चोवीस वर्षांच्या बहिणीला एका मसाज सेंटरवरील छाप्यात सोडवून सुधारगृहात ठेवले आहे. तिला घरी कधी आणता येईल?
– एक वाचक भगिनी, हडपसर

उत्तर : अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956 च्या कलम 17 नुसार दंडाधिकारी तिच्या वयाची व घरच्या परिस्थितीची चौकशी करतात, आणि त्यासाठीचा ताबा तीन आठवड्यांहून अधिक असू शकत नाही. पुढे एक ते तीन वर्षे सुधारगृहात ठेवण्याचा आदेश देता येतो. परंतु सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट आक्षेप घेऊन तीन स्त्रियांची सुटका केली होती. याच कायद्याचे ग्राहक बोलावण्याविषयीचे कलम 8 कधी कधी पीडितेवरच लावले जाते, हे दुर्दैव आहे; त्यामुळे बहिणीचे नाव आरोपींमध्ये नाही ना, हे एफआयआरच्या प्रतीवरून आधी पाहावे. नंतर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलासाठी अर्ज करावा, तिचा जन्मदाखला व तुमच्या घराच्या पत्त्याचा पुरावा सोबत न्यावा आणि घरी येण्याची तिची स्वतःची इच्छा दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यावी.