कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीसाठी बिनतळाचा हलका तंबू आणि चूल घ्यावी का? घ्यायची तर कशी निवडावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डेन्व्हरला राहता, ऑक्टोबरातल्या पहिल्या रायफल हंगामाचा एल्कचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या शिकारीचा, परवाना सोडतीत लागलाय, तुम्ही आणि एक मित्र गाडीरस्ता सोडून सहा मैल आत पाच रात्री काढणार आहात. दुकानातल्या माणसाने बिनतळाचा तंबू आणि टायटॅनियमची चूल सुचवली. खाली तळच नाही तो तंबू कसला, पाणी आणि साप आत आले तर काय, आणि घ्यायचाच तर कोणता?

मी पश्चिम कोलोरॅडोत राहतो आणि सात हंगाम अशाच तंबूत काढलेत. तुमच्या बेतासाठी माझं उत्तर आहे, घ्या. सप्टेंबरात धनुष्यबाणाच्या हंगामाला जाणार असता तर नको म्हटलं असतं. तेव्हा रात्री बऱ्याच सोसवतात आणि चुलीचं वजन फुकट वाहावं लागतं. ऑक्टोबरात दहा हजार फुटांवर उणे पाच-दहा सेल्सिअस ही नेहमीची गोष्ट, आणि बर्फ कधीही पडतो.

तळ नसण्याची आपल्याला खरं तर सवय हवी. राहुटीला तळ नव्हता, धनगरांच्या पालाला नसतो. इकडच्या मैदानी मूलनिवासी टोळ्यांच्या टिपीला, म्हणजे त्यांच्या शंकूसारख्या तंबूलाही असा शिवलेला तळ नव्हता. ती पाहूनच हेन्री हॉपकिन्स सिब्ली या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ साली एका खांबाच्या शंकूसारख्या तंबूचं पेटंट घेतलं आणि आत ठेवायला शंकूच्याच आकाराची पत्र्याची चूल केली. आज विकतात ते त्याच जातीचं, फक्त कॅनव्हासच्या जागी पातळ नायलॉन आणि लोखंडाच्या जागी टायटॅनियम. तळ नसल्यामुळे चिखलाच्या बुटांनी आत येता येतं, चुलीतून उडालेली ठिणगी मातीवर विझते, आणि अर्धा-पाऊण किलो वजन वाचतं.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण चूल घेतात ती रात्रभर ऊब मिळेल या आशेने, आणि इथेच फसतात. पाठीवरून नेण्याजोग्या चुलीत सरपण मावतं ते अर्ध्या-पाऊण तासाचं. ते संपलं की पत्रा दहा मिनिटांत गार, आणि तंबूतली हवा लगेच बाहेरच्याइतकी थंड. रात्री दोनला कुडकुडत उठून काटक्या भरायच्या, हे एक रात्र होतं, पाच रात्री होत नाही. म्हणून झोपण्याची पिशवी आणि खालची चटई अशी घ्या की चूल अजिबात पेटली नाही तरी रात्र सुखरूप निघेल. उणे दहा-बाराची पिशवी घेऊन जा. चुलीच्या भरवशावर पातळ पिशवी नेलेली माणसं मी दुसऱ्याच दिवशी डोंगर उतरताना पाहिली आहेत.

चूल आहे ती वाळवण्यासाठी. माझ्या दुसऱ्या हंगामात दिवसभर ओला बर्फ पडत होता आणि आम्ही ढोपरभर गवतातून चाललो होतो. संध्याकाळी बुटांच्या आतून पाणी पिळून काढलं. खांबापासून भिंतीपर्यंत दोरी बांधून तिच्यावर मोजे, हातमोजे, बुटांतले तळवे टांगले. चूल लाल झाली आणि थोड्या वेळात मोज्यांतून वाफ निघू लागली, अगदी पावसाळ्यात आजीच्या चुलीवर टांगलेल्या कपड्यांसारखी. तासाभरात हातमोजे कोरडे. बूट पूर्ण वाळले नाहीत, पण सकाळी घालता आले. त्या रात्री शेजारच्या दरीत नेहमीच्या दुपदरी तंबूत राहिलेले दोघे सकाळी परत निघाले, कारण त्यांचे बूट गोठून लाकडासारखे झाले होते. शिकारीत पाचव्या दिवशी डोंगरात असणं हेच निम्मं काम असतं, आणि ते कोरड्या मोज्यांवर ठरतं.

एवढं ध्यानात ठेवलं की निवड सोपी होते. कंपन्या माणसांचा आकडा सांगतात तो माणसं खेटून झोपवून काढलेला असतो. चूल जिथे बसते तिथे माणूस झोपू शकत नाही, आणि चुलीपासून पिशव्या व कापड दीड-दोन फूट तरी लांब हवं. त्यात दोन मोठ्या सॅक, दोन बंदुका, थोडं सरपण. म्हणून दोघांसाठी ‘चार माणसांचा’ म्हणून विकला जाणारा तंबू बघा. सीक आउटसाइड ही ग्रँड जंक्शनची कंपनी, त्यांचा सिमारॉन या मापाचा आहे. आयडाहोतल्या अर्गालीचा अ‍ॅबसारोका तसाच. किफारू या कामात जुने. तिघांचंही काम चांगलं आहे. यांतला जो हाती लागेल आणि परवडेल तो घ्या, त्यावरून फार दिवस घालवू नका. खांब आणि मेखांसकट दोन किलोच्या आसपास, चूल आणि धुराडं मिळून सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे दोघांत वाटून माणशी दीड-पावणेदोन किलो. हा हिशेब महत्त्वाचा, कारण देव पावला तर परतताना हाडं काढलेलं मांसच ऐंशी-शंभर किलो असतं आणि ते सहा मैल तुम्हीच वाहणार आहात.

दुकानात लोक उंची बघतात आणि कापड बघत नाहीत. कापड आधी बघा. सिलिकॉन लावलेलं नायलॉन चिवट असतं, पण ओलं झालं की ताणतं आणि तंबू ढिला पडतो. माझा पहिला तंबू तसा होता. रात्री ओला बर्फ पडला, कापड खाली लोंबलं आणि पहाटे माझ्या पिशवीचा पायाकडचा भाग त्या ओल्या कापडाला टेकून भिजून गेला. तेव्हापासून झोपण्यापूर्वी एकदा तणावे घट्ट करतो आणि खांब बोटभर वर उचलतो. पॉलिएस्टर इतकं ताणत नाही, आज घेतला असता तर तेच घेतलं असतं. डायनीमा नावाच्या चिवट धाग्याचं कापड सर्वांत हलकं, पण भलतंच महाग, आणि ठिणगीने भोक पडलं की जीव हळहळतो. त्याच्या नादी लागू नका.

आकाराबद्दल एकच. गोल टिपीला मोठी सपाट जागा आणि डझनावारी मेखा लागतात, आणि झाडीत अशी जागा शोधताना अंधार पडतो. सहा-आठ कोनांचा किंवा लांबट तंबू लवकर उभा राहतो. भिंती खड्या हव्यात, म्हणजे बर्फ आपोआप घसरतो. मेखा कंपनी देईल त्यापेक्षा चार जास्त न्या. ऑक्टोबरात जमीन गोठते, मेखा वाकतात.

चुलीत चौकोनी पेटी घ्या, घडी होणारी. लांबी अशी की एक-सव्वा फुटाचं लाकूड आडवं जाईल. त्याहून छोटी घेतली की सगळी संध्याकाळ काटक्या तोडण्यात जाते. धुराड्यात झडप हवी आणि वर ठिणग्या अडवणारी जाळी. धुराडं म्हणजे टायटॅनियमचा कागदासारखा पातळ पत्रा, तो लांबट नळीत गुंडाळून वर तारेच्या कड्या चढवायच्या. हे पहिल्यांदा डोंगरात करू नका. पहिल्या खेपेला पत्रा उलट उसळतो आणि कडा बोटं कापतात, चामड्याचे हातमोजे घाला. घरी अंगणात गुंडाळा, पेटवा, तासभर तापू द्या. एकदा तापला की तो वळण धरतो आणि पुढे मुकाट गुंडाळला जातो. पहिल्या जाळाला तेलाचा वासही येतो, तो बाहेरच जाऊ द्या.

सरपणासाठी कुऱ्हाड नको, अडीचशे ग्रॅमची घडीची करवत पुरते. स्प्रूसच्या झाडाच्या खालच्या वाळक्या फांद्या पावसातही आत कोरड्या असतात. मनगटापेक्षा जाड काही घेऊ नका. पण त्याच झाडांची भीतीही बाळगा. इथल्या जंगलात सालकिड्याने लाखो एकर झाडं उभीच्या उभी मारली आहेत आणि वाऱ्यात ती आवाज न करता कोसळतात. तंबू लावण्यापूर्वी मान वर करून चारही बाजूंना बघा. वाळकं झाड उंचीने तंबूपर्यंत पोचत असेल तर जागा बदला, कितीही थकला असलात तरी.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. एक, चूल जळत ठेवून झोपू नका आणि तंबूच्या भिंतीखालची फट बर्फाने पूर्ण बुजवू नका. वरची खिडकी उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म न्या, त्याचं वजन मी कधीच मोजत नाही. दुसरी, निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही जाणार तिथल्या वनविभागाच्या कार्यालयाला फोन करून आगीचे निर्बंध विचारा. पहिल्या टप्प्याचे निर्बंध लागले तरी जंगलात लाकडाची चूल बंद होते, तंबूतली असली तरी. बटण फिरवून विझवता येणारी गॅसची शेगडी तेवढी चालते. २०२० च्या ऑक्टोबरात कॅमेरॉन पीक आणि ईस्ट ट्रबलसम हे वणवे ऐन हंगामात जळत होते. कॅमेरॉन पीकनेच दोन लाख एकरांवर जंगल खाल्लं. अशा वर्षी चूल घरी ठेवायची, आणि म्हणूनच पिशवी जाड हवी असं वर म्हटलं.

आपल्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे काम आपल्यापैकी कोणाला वडिलांकडून मिळालेलं नाही. मलाही एका इथल्याच शेजाऱ्याने शिकवलं. म्हणून ऑक्टोबरपूर्वी एक रात्र जवळच्या डोंगरात नुसता तंबू लावून काढा, पाऊस असेल अशीच निवडून. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. परवाना लागलाय म्हणजे ते झालं असेलच.

राहिलं पाणी आणि साप. जागा किंचित उंचवट्याची घ्या, खोलगट नको, मग पाणी येत नाही. अंथरुणाखाली टायव्हेकचा तुकडा टाका, घरबांधणीत वापरतात तोच, स्वस्त आणि चिवट. त्या उंचीवर ऑक्टोबरात साप भेटत नाहीत. उंदीर येतात, रात्री अंगावरून पळतातही. मित्राला त्याचा त्रास होणार असेल तर त्याच्यापुरती जाळीची आतली पिशवी मिळते, अर्ध्या किलोच्या आत. अस्वलं मात्र अजून जागी असतात, म्हणून खाणं तंबूत ठेवू नका. शंभर पावलं लांब झाडाला टांगा, आणि एल्क मिळाला तर मांस त्याहूनही लांब, सावलीत, वारा लागेल असं.